ठाणे-बेलापूर पट्ट्यातली डेटा सेंटरं आणि आपली ऑनलाइन सुरक्षितता: नेहमीचे प्रश्न

मी टीटीसी, म्हणजे याच ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात विजेच्या देखभालीची कामं करतो. आधी केमिकल कंपन्यांत केली, आता डेटा सेंटरांत करतो. सोसायटीच्या मीटिंगला गेलो की लिफ्टच्या करारापेक्षा जास्त प्रश्न मला याच विषयावर विचारतात. त्यात दोन गोष्टींची हमखास गल्लत होते: डेटा सेंटरची इमारत सुरक्षित असणं आणि आपण सुरक्षित असणं. खालची उत्तरं त्याच गप्पांतून जमली आहेत.

डेटा सेंटर म्हणजे नेमकं काय? बाहेरून तर गोदामच दिसतं.

खिडक्या नसलेली इमारत, भोवती उंच कुंपण, गच्चीवर चिलरची, म्हणजे थंडाव्याच्या यंत्रांची रांग आणि मागे पोटमाळ्याएवढे जनरेटर. आत गेलात की लोखंडी कपाटांच्या रांगा दिसतात, त्यांना रॅक म्हणतात. रॅकमध्ये सर्व्हर, म्हणजे डेटा साठवणारे आणि पुरवणारे संगणक, एकावर एक रचलेले असतात. दोन रांगांमधल्या एका बोळात थंड हवा सोडतात, पलीकडच्या बोळात सर्व्हरची गरम हवा बाहेर पडते. थंड बोळात स्वेटर आठवतो आणि चार पावलांवर गरम बोळात शर्ट पाठीला चिकटतो. आवाज एवढा असतो की शेजारच्या माणसाशी बोलायला ओरडावं लागतं. तुमच्या बँकेचं खातं, रेल्वेचं तिकीट आणि मुलीच्या बारशाचे फोटो हे सगळं अशाच कुठल्या तरी कपाटात असतं.

पण इतकी सगळी नवी मुंबईतच का?

समुद्राखालून येणाऱ्या आंतरराष्ट्रीय केबल भारतात मोजक्याच ठिकाणी किनाऱ्याला लागतात: मुंबई, चेन्नई, कोची, तुतिकोरिन आणि तिरुवनंतपुरम. मुंबईतलं मुख्य ठिकाण वर्सोवा. तिथून ऐरोली-महापे किती लांब आहे ते तुम्हीच बघा. त्यात गिऱ्हाईक जवळ, म्हणजे बँका, शेअर बाजार, विमा कंपन्या. आणि तिसरं कारण आम्ही डोळ्यांनी पाहिलं: या पट्ट्यातले जुने केमिकल कारखाने बंद पडले किंवा दुसरीकडे गेले, आणि एमआयडीसीचे मोठे प्लॉट मोकळे झाले. कळव्याचं मोठं सबस्टेशन शेजारीच.

अंतराचा हिशोब सोपा आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सर्व्हरला विचारून उत्तर यायला सेकंदाचा पाचवा भाग लागतो, महाप्याच्या सर्व्हरला डोळ्याची पापणी लवायच्या आत. सिनेमा बघताना हा फरक जाणवत नाही. शेअरच्या सौद्यात मात्र त्याला किंमत असते.

धोरणाचाही मोठा हात आहे. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी परिपत्रक काढलं की पैसे देण्याघेण्याच्या व्यवहारांचा डेटा भारतातच ठेवायचा, आणि त्यासाठी १५ ऑक्टोबर २०१८ ही मुदत दिली. विदेशी कार्ड कंपन्यांनी कुरकुर केली, पण शेवटी रॅक इथेच लावावे लागले.

सरकार यांना काय काय सवलती देतं?

केंद्राने २०२२-२३च्या अर्थसंकल्पात डेटा सेंटरना पायाभूत सुविधांचा दर्जा जाहीर केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ५ मेगावॉट किंवा त्याहून मोठी सेंटरं अधिकृत यादीत आली. या दर्जाने रोख पैसे मिळत नाहीत, पण रस्ते-बंदरांसारखं लांब मुदतीचं कर्ज सोपं आणि स्वस्त होतं. इतका भांडवली खर्च असलेल्या धंद्यात तीच खरी सवलत.

राज्याच्या २०२३च्या माहिती तंत्रज्ञान धोरणात मुद्रांक शुल्क आणि वीज शुल्कातली सूट या ठळक गोष्टी आहेत. वीज शुल्क म्हणजे काय हे बघायचं तर आपलं घरगुती बिल काढा. त्यात १६ टक्के वीज शुल्काची ओळ असते. डेटा सेंटर चालवण्याच्या खर्चात वीज हीच सगळ्यात मोठी बाब असते, तेव्हा त्या एका ओळीतल्या सुटीची किंमत काय होते याचा अंदाज येईल.

सवलत देणं चूक आहे असं मी म्हणत नाही. तमिळनाडू आणि उत्तर प्रदेश यांनी २०२१मध्येच स्वतंत्र डेटा सेंटर धोरणं आणली, आपण हात बांधून बसलो असतो तर प्लॉट रिकामे राहिले असते. पण सवलतीच्या बदल्यात पाणी, वीज आणि धूर यांचे आकडे दरवर्षी जाहीर करायची अट असायला हवी. पैसे लोकांचे जातात, हिशोब मात्र फाइलीत राहतो, हे मला पटत नाही.

एका सेंटरला वीज किती लागते? आमच्याकडे लाईट जाणार का?

१० मेगावॉटचं सेंटर धरू. आजकाल हे मध्यम आकाराचं. १० मेगावॉट हा फक्त सर्व्हरचा लोड झाला. थंडाव्याची यंत्रं, यूपीएसमधली घट, दिवे हे धरून आपल्या दमट हवेत दीडपट लागते. या पटीला पीयूई म्हणतात. म्हणजे १५ मेगावॉट, दिवसाचे २४ तास. रोजची ३ लाख ६० हजार युनिट. महिन्याला १५० युनिट वापरणारं घर धरलं तर ही ७२ हजार घरांची वीज झाली.

आता घरची लाईट. मोठ्या सेंटरला स्वतंत्र उच्चदाब वाहिनी असते, तुमच्या गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरशी तिचा संबंध नसतो. त्यामुळे शेजारी डेटा सेंटर आलं म्हणून तुमचा पंखा बंद पडत नाही. ओझं येतं ते वरच्या पातळीवर. १२ ऑक्टोबर २०२०चा सोमवार आठवा. सकाळी दहाच्या सुमाराला कळवा-पडघा भागातल्या बिघाडानंतर मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई अंधारात गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. मुंबईत बाहेरून वीज आणणारे मार्ग मोजके आहेत हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. खारघर-विक्रोळी ही ४०० केव्हीची वाहिनी कित्येक वर्षं रखडली होती, ती २०२३मध्ये सुरू झाली.

अशा वाहिन्यांचा खर्च शेवटी वीजदरातून सगळ्या ग्राहकांकडून वसूल होतो. दर ठरवताना महाराष्ट्र वीज नियामक आयोग जनसुनावणी घेतो आणि तिथे कोणीही लेखी हरकत देऊ शकतो. मी एकदा गेलो होतो. उद्योगांच्या वकिलांच्या दोन रांगा आणि सामान्य ग्राहक म्हणून आम्ही पाच-सहा जण.

आमचं सेंटर शंभर टक्के हरित ऊर्जेवर, अशी जाहिरात वाचली. खरं आहे का?

कागदावर खरं असू शकतं. कंपनी वर्षभरात जेवढी वीज वापरते तेवढीच सौर किंवा पवन वीज कुठे तरी विकत घेते आणि वर्षाअखेर हिशोब जुळवते. पण सर्व्हर रात्री दोन वाजताही तितकाच चालतो, आणि तेव्हा साताऱ्याच्या पठारावर वारा असेल तर असेल, सूर्य नक्की नसतो. त्या वेळची वीज ग्रिडमधून येते आणि ग्रिडमध्ये कोळसा आहे. विचारायचं असेल तर तासागणिक हिशोब विचारा. वार्षिक टक्केवारी विचारलीत तर उत्तर शंभरच येईल.

आणि पाणी? उन्हाळ्यात आम्हाला टँकर आणि त्यांना चोवीस तास, असं होतंय का?

इथे गणित स्वतः करून बघण्यासारखं आहे. सर्व्हरमध्ये गेलेली जवळपास सगळी वीज शेवटी उष्णता होते. पाण्याचं बाष्पीभवन करून ती काढायची तर एका युनिटला सुमारे दीड लिटर पाणी वाफ होऊन जातं. म्हणजे १० मेगावॉट सर्व्हरच्या उष्णतेसाठी दिवसाला साधारण ३ लाख ६० हजार लिटर. शहरात माणशी १३५ लिटर हा शासकीय निकष धरला तर २,६०० हून जास्त लोकांचं पाणी. शिवाय कूलिंग टॉवरमधलं क्षार साठलेलं पाणी अधूनमधून सोडून द्यावं लागतं, ते वेगळं.

पण सगळी सेंटरं असं करत नाहीत. बरीच हवेवर चालणारे चिलर वापरतात. त्यात पाणी बंद नळ्यांतून फिरत राहतं, वर्षभरात थोडंसंच भरावं लागतं. मात्र वीज जास्त खातात. पाणी वाचवलं तर वीज जास्त आणि वीज वाचवली तर पाणी जास्त, ही ओढाताण कुठल्याच डिझाइनमधून सुटत नाही. म्हणून 'आम्ही पाणी अजिबात वापरत नाही' असं कोणी अभिमानाने सांगितलं की मी लगेच त्यांचा पीयूई विचारतो.

टीटीसी पट्ट्याला एमआयडीसीचं पाणी येतं ते बदलापूरजवळच्या बारवी धरणातून, तेच धरण कल्याण-डोंबिवलीसारख्या शहरांनाही पुरवतं. नवी मुंबई महापालिकेचं मोरबे वेगळं. चांगली गोष्ट म्हणजे महापालिकेने कोपरखैरणे आणि ऐरोलीत सांडपाण्यावर तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया करणारे प्रत्येकी २० दशलक्ष लिटरचे प्रकल्प उद्योगांसाठी उभारले. कूलिंग टॉवरला हेच पाणी सक्तीचं करावं. पिण्याचं पाणी वाफेत घालवण्यात काय शहाणपण आहे?

महिन्यातून एकदा काळा धूर येतो, तो कसला?

जनरेटरची चाचणी. वीज गेली की बॅटरी काही मिनिटं लोड धरते, तेवढ्यात डिझेल जनरेटरने ताबा घ्यायचा असतो. ऐन वेळी सुरू झाला नाही तर सगळं मुसळ केरात, म्हणून ठराविक दिवशी चालवून बघतात. १५ मेगावॉट जनरेटरवर चालवायचे तर तासाला सुमारे चार हजार लिटर डिझेल जातं. दिवसभराचा साठा ठेवायचा म्हटलं तरी लाखभर लिटर आवारातच. एवढ्या साठ्याला पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेचा परवाना लागतो, तिचं मुख्यालय आपल्या नागपूरलाच आहे. चाचणीची वेळ आधी कळवा आणि वाऱ्याची दिशा बघा, एवढं मागायला सोसायटीला काहीच हरकत नाही. आमच्या भागात एका व्यवस्थापकाने पत्र मिळाल्यावर वेळ बदलली. आधी कोणी पत्रच दिलं नव्हतं.

स्थानिक मुलांना नोकऱ्या मिळतात का?

थोड्या. बांधकाम चालू असताना शेकडो माणसं असतात, इमारत सुरू झाली की माझ्या पाहण्यात तिन्ही पाळ्या मिळून शंभर-दीडशे, त्यातही बरेचसे सुरक्षारक्षक आणि साफसफाईवाले. साठच्या दशकात या पट्ट्यासाठी ऐरोली, रबाळे, घणसोली, महापे इथल्या आगरी-कोळी कुटुंबांच्या जमिनी गेल्या. कारखान्यांनी निदान एका पिढीला कायमची नोकरी दिली. डेटा सेंटर तसं देणार नाही, कोणी व्यासपीठावरून काहीही सांगो. मुलाला आयटीआयला घालत असाल तर इलेक्ट्रिशियन किंवा रेफ्रिजरेशन-एसी हा ट्रेड बघा. कोडिंगवाल्यांपेक्षा चिलर समजणारा माणूस इथे दुर्मिळ आहे.

दुसऱ्या देशांनी काय केलं?

आयर्लंडमध्ये करसवलतींमुळे एवढी सेंटरं आली की २०२३मध्ये देशातली २१ टक्के वीज एकट्या डेटा सेंटरांनी वापरली, आणि डब्लिनच्या आसपास नव्या जोडण्या अडल्या. सिंगापूरने २०१९ ते २०२२ नव्या सेंटरना थांबवलं, मग कार्यक्षमतेच्या कडक अटींवर दार किलकिलं केलं. जगात मिळून डेटा सेंटरं २०२४मध्ये सुमारे दीड टक्का वीज वापरत होती, असं आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने म्हटलं आहे. आकडा लहान वाटतो. पण सेंटरं जगभर सारखी पसरलेली नाहीत, एकेका शहरात दाटतात. नवी मुंबई हे तसं शहर आहे.

डेटा भारतातच ठेवला तर तो सुरक्षित झाला ना?

नाही. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे.

डेटा सेंटरच्या दारावर बोटाचे ठसे, आत पिंजरा, पिंजऱ्याच्या आत कुलूपबंद रॅक. मला एका केबलसाठी तीन सह्या आणि सोबत एक माणूस लागतो. पण चोर दारातून येतच नाही. तो ॲपच्या कच्च्या कोडमधून येतो, कर्मचाऱ्याच्या पासवर्डमधून येतो, आणि बहुतेक वेळा तुमच्या फोनमधून येतो. महाप्याचा सर्व्हर असो की सिंगापूरचा, त्याला काय फरक पडतो?

डेटा इथे ठेवण्याचा फायदा वेगळा आहे. आपल्या नियामकाला आणि पोलिसांना तपासासाठी तो लवकर मिळतो. तोही पूर्ण नाही. अमेरिकेच्या २०१८च्या क्लाऊड कायद्याप्रमाणे तिथल्या कंपन्यांना आपल्या ताब्यातला डेटा जगात कुठेही असला तरी अमेरिकी यंत्रणेच्या वैध आदेशावर द्यावा लागू शकतो. म्हणजे इमारत रबाळ्यात असली तरी मालकी कुणाची हा प्रश्न उरतोच.

समुद्रातली केबल तुटली तर?

इंटरनेट बंद पडत नाही, मंदावतं. सप्टेंबर २०२५मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाहजवळ केबल तुटल्या तेव्हा भारतातही वेग उतरला, वाहतूक दुसऱ्या मार्गांनी वळवावी लागली. बहुतेक केबल जहाजाच्या नांगराने किंवा मासेमारीच्या जाळ्याने तुटतात. डेटा आणि सेवा देशातच असतील तर अशा दिवशी आपलं काम अडत नाही. स्थानिक सेंटरांचा हा फायदा मला निर्विवाद वाटतो.

नव्या डेटा संरक्षण कायद्याने मला काय मिळालं?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३मध्ये झाला, त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांना त्यापुढे १८ महिन्यांची मुदत आहे. तुम्हाला मिळणारे हक्क असे: माझा कोणता डेटा आहे ते सांगा, चुकीचा असेल तो दुरुस्त करा, काम संपलं की पुसा, दिलेली संमती मी परत घेतो. संमतीची सूचना मराठीत मागण्याचा पर्यायही कायद्यात आहे, कारण आठव्या अनुसूचीतल्या भाषा त्यात धरल्या आहेत. मागा. कोणी मागितलंच नाही तर कंपन्या मराठीसाठी कशाला धडपडतील?

आता खटकणाऱ्या गोष्टी. डेटा फुटला तर कंपनीला २५० कोटींपर्यंत दंड होऊ शकतो, पण तो सरकारी तिजोरीत जातो, तुम्हाला त्यातला एक रुपया नाही. जुन्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ४३अ आहे, निष्काळजी कंपनीकडून नुकसानभरपाई मागण्याचं. ती १८ महिन्यांची मुदत संपली की नवा कायदा ते कलमच वगळतो. सरकारी यंत्रणांना मोठ्या सवलती आहेत. आणि माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(जे) मध्ये बदल करून वैयक्तिक माहिती नाकारणं सोपं केलं आहे. ज्या राज्यात गावागावात माहिती अधिकाराचे अर्ज पडतात, तिथे हे लोकांच्या अजून पुरतं लक्षात आलेलं नाही.

डेटा फुटला तर कंपनी आपल्याला सांगते का?

सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवावी लागते. पण ते कळवणं सर्ट-इनला, आपल्याला नाही. नव्या नियमांत बाधित व्यक्तीला विनाविलंब आणि साध्या भाषेत सांगायचं बंधन आहे. ते लागू होईपर्यंत आपल्याला बातमीतूनच कळतं, किंवा अनोळखी माणूस फोनवर आपलं पूर्ण नाव, पत्ता आणि विमा पॉलिसीची तारीख सांगतो तेव्हा.

मुलांच्या फोनबाबत कायदा काय म्हणतो?

१८ वर्षांखालील सगळे बालकच. त्यांचा डेटा घ्यायला पालकांची पडताळता येणारी संमती हवी, त्यांच्या हालचालींचा मागोवा घेऊन जाहिराती दाखवायला मनाई. उद्देश चांगला आहे. पण पालकच मुलाचं वय २१ टाकून खातं उघडून देतात, त्याला कुठला नियम पुरणार? शिवाय वय पडताळायच्या नावाखाली प्रत्येक ॲपला आधार द्यायची वेळ आली तर एका धोक्यातून दुसऱ्यात.

पैसे गेले. पहिल्यांदा काय करू?

१९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा हेल्पलाइन क्रमांक लावा. बँकेत जाऊ नका, पोलिस ठाण्यात जाऊ नका, मुलाला विचारत बसू नका. आधी १९३०.

कऱ्हाडला माझ्या मामांना रविवारी दुपारी व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली, शेवटी 'एपीके' लिहिलेली, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल. पाठवणारा ओळखीचा होता, कारण त्याचाच फोन आधी ताब्यात गेला होता. मामांनी पत्रिका उघडली, काहीच दिसलं नाही, म्हणून ते झोपले. त्या फाइलने त्यांचे मेसेज परस्पर पुढे पाठवायला सुरुवात केली, त्यात ओटीपीही आले. उठेपर्यंत तीन व्यवहार झाले होते. बँकेचा ग्राहक सेवा क्रमांक पाऊण तास संगीत ऐकवत राहिला. मामेबहिणीने दुसऱ्या फोनवरून १९३० लावला. पैसे तोवर दोन खात्यांतून पुढे गेले होते, पण तिसऱ्या खात्यातली रक्कम अडकली.

ही यंत्रणा अशी चालते: तुम्ही खातं, व्यवहार क्रमांक, रक्कम आणि वेळ सांगता. ती नोंद संगणकावरून थेट संबंधित बँकांकडे जाते आणि पैसे जिथे पोचले असतील तिथे रोखायचा प्रयत्न होतो. त्यानंतर सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार पूर्ण करायची. अडकलेले पैसे परत मिळायला बऱ्याचदा न्यायालयाचा आदेश लागतो, वेळ जातो, पण निदान पैसे कुठे तरी असतात.

फोन मात्र तसाच ठेवू नका. इंटरनेट बंद करा, सिम काढा, आणि बँकेची कामं दुसऱ्या फोनवरून करा. मामा त्याच फोनवरून बँकेचा पासवर्ड बदलत होते.

बँक म्हणते, ओटीपी तुम्हीच दिला, आमची जबाबदारी नाही. मग?

ग्राहकाच्या जबाबदारीबद्दलचे रिझर्व्ह बँकेचे सध्याचे नियम छापून सोबत न्या. ६ जुलै २०१७च्या परिपत्रकात ते असे होते: चूक बँकेची असेल तर तुमची जबाबदारी शून्य. चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही, मध्येच कुठे तरी भगदाड पडलं, तर ३ कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास तरीही शून्य. तुमच्या निष्काळजीपणाने गेलं असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर गेलेला प्रत्येक रुपया बँकेचा. आणि तुमचा निष्काळजीपणा सिद्ध करायचं काम बँकेचं आहे. काउंटरवरचा माणूस हे सांगत नाही. तक्रार लेखी द्या, पोच घ्या, ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे फी लागत नाही.

आणखी एक दार आहे, त्याची माहिती वकिलांनाही कमी असते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४६ खाली राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव न्यायनिर्णय अधिकारी असतात, ५ कोटींपर्यंतचे भरपाईचे दावे त्यांच्यापुढे चालतात. २०१३मध्ये महाराष्ट्रात याच पदावरून पुण्यातल्या एका कंपनीला बँकेने ४५ लाख रुपये द्यावेत असा आदेश झाला होता. कलम ४३अ जाणार असलं तरी परवानगीशिवाय संगणकात शिरण्याबद्दलचं कलम ४३ शाबूत आहे, त्यावर हे दार उघडं राहतं.

'डिजिटल अरेस्ट' म्हणून फोन आला होता.

भारतीय कायद्यात अशी अटकच नाही. व्हिडिओ कॉलवर कोणी अटक करत नाही, न्यायालय भरवत नाही, 'पडताळणीसाठी' पैसे मागत नाही. फोन ठेवा. उद्धटपणा वाटेल म्हणून आपल्याकडची सुशिक्षित ज्येष्ठ मंडळी फोन ठेवत नाहीत, तासन् तास समोर बसतात. घरातल्या आजी-आजोबांना एवढंच सांगा: पोलिसाचाही फोन कापला तर चालतं, घरी आले की चहा देऊ.

कोणी माझे खासगी किंवा बनावट फोटो टाकले तर?

स्क्रीनशॉट आणि लिंक जपा, मग संबंधित माध्यमाच्या तक्रार अधिकाऱ्याकडे तक्रार करा. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी असा मजकूर हटवायला २४ तासांची मुदत घातली होती, आणि त्या नियमांत बनावट रूप देऊन केलेली चित्रंही येतात. दाद मिळाली नाही तर केंद्राची तक्रार अपील समिती आहे. स्टॉप एनसीआयआय नावाची सोयही उपयोगी: फोटो कुठेही न पाठवता तुमच्याच फोनवर त्याचा आकड्यांतला ठसा तयार होतो, आणि सहभागी माध्यमं तो ठसा जुळणारे फोटो अडवतात. वर सांगितलेल्या सायबरक्राईम पोर्टलवर महिला आणि बालकांसाठी नाव न देता तक्रार करता येते.

मित्र म्हणाला, खातं भाड्याने दे, महिन्याला पाच हजार. द्यावं का?

मामांचे पैसे ज्या खात्यांतून पुढे गेले ती अशाच मुलांची खाती असतात. पोलिस आधी खातेदाराच्या दारात येतात, मित्राच्या नाही.

आमच्या शेजारच्या प्लॉटवर बांधकाम सुरू झालंय. डेटा सेंटर आहे का आणि किती मोठं, कसं कळेल?

२० हजार चौरस मीटरच्या वर बांधकाम असेल तर पर्यावरण मंजुरी लागते, आणि तिचे अर्ज केंद्राच्या परिवेश पोर्टलवर बघता येतात. अर्ज जाडजूड असतो, पण त्यात तीन ठिकाणं शोधा: रोजच्या पाण्याची गरज आणि स्रोत, विजेची मागणी, जनरेटरची संख्या आणि क्षमता. पाण्याच्या रकान्यात प्रक्रिया केलेलं सांडपाणी लिहिलंय की एमआयडीसीचं ताजं पाणी, ते आधी बघा. नंतर दर सहा महिन्यांनी प्रकल्पाला अटी पाळल्याचा अहवाल द्यावा लागतो. तो मिळाला नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. कंपनीचे पाण्याचे आकडे वैयक्तिक माहितीत मोडत नाहीत.